पाच टायर, एकाच मापाचे

३ फेब्रुवारी

हुप्प्या,

चोपन्न वर्षांच्या माणसाला या नावानं हाक मारू नये, पण कागद पुढे ओढल्यावर हाताला दुसरं नाव येईना. तुझा पत्ता मावशीच्या मुलीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. ती देत नव्हती, मीच तिच्या मागे लागले.

आधी तब्येती. अप्पांना शहाऐंशी झाली. कान पूर्वीसारखेच आहेत, म्हणजे हवं तेवढं ऐकू येतं. डावा पाय आता गुडघ्यात अजिबात वाकत नाही. पण काठी घेऊन घरभर फिरतात आणि कुठला नळ टपकतोय ते मला सांगतात. मी बरी आहे. शाळेतल्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मुली अजून रस्त्यात भेटल्या की हातातलं खाणं लपवतात.

पत्राचं कारण गेंडा आहे. हो, आपला ट्रक. रोपवाटिका बंद झाली, माणसं पांगली, पण तो अजून मागच्या शेडमध्ये आहे. सव्वीस वर्षं लाकडी ठोकळ्यांवर उभा आहे आणि त्याच्या बोनेटवर मांजरांच्या किती पिढ्या वाढल्या असतील कोण जाणे. आता मागची जागा दिली आहे आणि नवे मालक मार्चअखेर शेड पाडणार आहेत. एक दातांचे डॉक्टर आहेत, जुन्या गाड्या जमवतात. ते गेंडा घ्यायला तयार आहेत, पण तो स्वतःच्या चाकांवर त्यांच्या दारात आला पाहिजे, अशी त्यांची अट आहे. अप्पा म्हणाले, "ओढून आणलेली नको म्हणतो ना? म्हणजे शहाणा आहे."

इंजिन चालू झालंय. आपल्या जुन्या मिस्त्रींची मुलगी आता वर्कशॉप चालवते. तिनं आठ दिवस खपून ते बोलतं केलं. राहिले टायर. आहेत ते बोट लावलं की भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटतात. अप्पा म्हणाले, "टायर तू आण. मागच्या वेळी तूच आणले होतेस."

म्हणून तुला विचारते. तू रस्ते बांधायच्या मोठ्या यंत्रांवर काम करतोस असं कळलं, तुला यातलं समजतं. रेडियल घ्यावेत की जुन्या पद्धतीचे? नक्षी सरळ असावी की चिखलाची? दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

जुनं काही उकरून काढायला मी लिहीत नाहीये, एवढं नक्की समज.

ताई

१२ फेब्रुवारी

हुप्प्या,

उत्तर नाही आलं. टपालाचा उशीर असेल असं मी धरून चालले आहे.

काल अप्पांना घेऊन टायरवाल्याकडे गेले. लांबट बोळासारखं दुकान आहे, दोन्हीकडे छतापर्यंत टायरांच्या चळती. रबराचा वास इतका दाट की घरी आल्यावर साडीलाही येत होता. बसायला एकच खुर्ची होती, ती मला दिली. अप्पा सरळ एका टायरांच्या चळतीवर चढून बसले आणि काठी पुढ्यात रोवली. सिंहासनावर बसल्यासारखे दिसत होते.

टायरवाला चाळिशीचा, बोलका. त्यानं आधी रुंद टायर दाखवले. "आजोबा, हे घ्या. गाडी काय रुबाबदार दिसेल!"

"रुबाब तिचा तिच्याकडे आहे," अप्पा म्हणाले. "तू चाकाचं बोल. पूर्ण वळवल्यावर हे आत घासणार नाहीत का?"

तो हसला. "घासतील थोडे."

"मग परत ठेवून दे."

मग अरुंद निघाले. अप्पांनी त्याला समजावलं, की अरुंद चाक चिखल कापत खाली जातं आणि खालची घट्ट जमीन गाठतं, रुंद चाक वरच्यावर पोहत राहतं. तू नऊ वर्षांचा असताना डोंगरावर तुला सांगितलं होतं, अगदी त्याच शब्दांत. तेव्हा तू काठीनं चिखलात भोकं पाडून खात्री करून घेतली होतीस आणि आईनं तुला बूट घालून घरात येऊ दिलं नव्हतं.

टायरवाल्यानं मला टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला शिकवलं. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. न वापरताही रबर म्हातारं होतं म्हणे. "बाई, माणसाचं वय विचारलं तर राग येतो, टायरचं नाही विचारलं तर घात होतो." मी चष्मा लावून एकेक वाचला. पाचांतला एक चार वर्षांचा निघाला. "हा बदलून द्या," म्हटलं. त्याला कौतुक वाटलं. "तुम्हाला बरंच कळतं की."

हे वाक्य मला आवडत नाही. का ते असू दे.

मग त्यानं सहज विचारलं, "गाडी इतकी चांगली, मग एवढी वर्षं उभी का?"

अप्पांनी सांगितलं. ते सगळ्यांना सांगतात रे. दूध घालणाऱ्याला सांगितलंय, दातांच्या डॉक्टरांना सांगितलंय, आता याला. "पुढची-मागची चाकं एकत्र जोडणारा एक लिव्हर असतो. चिखलात फोर टाकायचा, डांबरी रस्ता आला की काढायचा. पोराला शंभरदा बजावलं होतं. त्यानं तसाच ठेवून उतारावर घातली. खालचा गिअरचा डबा फुटला, चाकं जाम झाली आणि आम्ही दगडी भिंतीवर. हा पाय त्यातलाच."

टायरवाल्यानं चुकचुक केली. "तरुण रक्त."

"रक्ताचा दोष नाही, कानाचा. सांगितलेलं ऐकायचंच नाही."

मी माहितीपत्रक चाळत होते. तेच पान दोनदा उलटलं.

टायर अजून ठरवलेले नाहीत. तुझं पत्र येईपर्यंत थांबते म्हणून सांगून आले. कुणाचं पत्र ते अप्पांना सांगितलं नाही.

ताई

२१ फेब्रुवारी

हुप्प्या,

तुझं कार्ड मिळालं. वर नाव नाही, खाली सही नाही. "पाच घे. सगळे एकाच मापाचे. जुन्या पद्धतीचे. तारीख बघ."

स्टेपनीसकट पाच, हे बरोबर. तारीख मी बघितलीच होती. पण दुसरं वाक्य मी इतक्यांदा वाचलं, की आता डोळे मिटले तरी दिसतं. तू ते सहज लिहिलंस का? कुठलाही जाणता माणूस हेच लिहील, असं मी स्वतःला सांगते. चारचाकी जोर असलेल्या गाडीला हे पहिलं सांगायचं असतं, असं टायरवालाही म्हणाला. "बाई, ही काय चप्पल आहे का, डावी सैल झाली तर उजवीवर भागवायला?"

पाच आणले. सात-सोळा मापाचे, जुन्या पद्धतीचे, चिखलाच्या नक्षीचे. ते घेऊन मी मिस्त्रींच्या मुलीकडे गेले. वर्कशॉप तेच आहे, फक्त भिंतीवर हत्यारांच्या आकृत्या काढून प्रत्येक पान्याची जागा ठरवली आहे. ती केस टोपीत कोंबून गाडीखालून बोलते, त्यामुळे आपण तिच्या बुटांशी बोलतोय असं वाटतं. ती म्हणाली, "आधी पाचही मोजणार. जमिनीवर खडूची रेघ, चाक एक पूर्ण फेरी फिरवायचं, परत रेघ, आणि मधलं अंतर टेपनं. नवे असले तरी मोजणार. बाबांची शिस्त."

मी म्हटलं, "एवढं बारीक?"

तेव्हा ती बाहेर आली, हात पुसले आणि सांगायला लागली. "बाबा नव्या माणसाला कामावर ठेवलं की पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगायचे. मीही सांगते. एका घरी असाच एक ट्रक होता. घरातल्या शिकलेल्या बाईंनी मागे दोन मोठ्या मापाचे टायर बसवून आणले. रिमवर बसतात म्हणजे चालतात, असं त्यांना वाटलं. पुढची चाकं लहान, मागची मोठी, आणि फोर टाकल्यावर सगळी एकमेकांना बांधलेली. त्या ओढाताणीत लिव्हर असा अडकला, की निघेचना. गाडी मोडली, एका माणसाचा पाय गेला. आणि दोष आला चालवणाऱ्या पोरावर."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. बाबांनी त्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, घरी मी सांगते. बाबांना कायम शंका होती, की त्यांनी सांगितलं नाही. नाव कधी काढलं नाही त्यांनी. अशा बाई असतात बघा."

हुप्प्या, मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "असतात एकेक."

आणि टायर उतरवून घ्यायला तिला हातभार लावला.

तिथून घरी आले तर दातांचे डॉक्टर बसले होते. त्यांच्या प्रत्येक गाडीपुढे एक पुठ्ठ्याची पाटी असते. गाडी कुठून आली, काय काम केलं, काय भोगलं, सगळं त्यावर लिहिलेलं. अप्पांनी सांगायचं आणि कुणीतरी सुवाच्य लिहायचं असं ठरलं. अप्पा मोठ्या अभिमानानं म्हणाले, "आमच्या हिचं अक्षर बघा. शाळेतल्या सिस्टर लोकांनी वळण लावलंय. छापल्यासारखं येतं."

मी लिहिलं. कुठल्या साली जंगलखात्याच्या लिलावातून आणला, किती रोपं डोंगरावर नेली, सगळं. शेवटी अप्पांनी सांगितलं, "चालकाच्या निष्काळजीपणामुळे अपघात होऊन गाडी बंद."

तेही लिहिलं. पट्टी लावून, एका रेषेत. डॉक्टर म्हणाले, "वा, काय अक्षर आहे!"

उद्या पुन्हा लिहीन. आज हात नको म्हणतोय.

ताई

२२ फेब्रुवारी

हुप्प्या,

लिव्हर निघत नव्हता. तू खरं सांगत होतास.

कालच्या गोष्टीतली बाई मी आहे, हे तुला कळलं असेलच. तरी माझ्या हातानं लिहायला हवं.

तो आठवडा आठवतो ना? डोंगरावर दोन हजार रोपं चार दिवसांत पोचवायची होती आणि गेंड्याच्या मागच्या टायरांचे धागे दिसत होते. अप्पा तापानं पडले होते. तू शहरात खतं आणायला गेला होतास. अप्पांनी अंथरुणातून मला सांगितलं, "सात-सोळा. चार घे, दोन नको." मी गेले. सात-सोळा यायला तीन आठवडे लागणार होते. दुकानदार म्हणाला, "साडेसात-सोळाचे दोन आहेत. रिम तीच, बसतील. पण पुढचेही बदलणार ना?"

तो असं का विचारतोय, हे मला कळलं नाही. "का हो?" एवढंच विचारायचं होतं. मी म्हणाले, "पुढचं आम्ही बघतो. मला माहीत आहे."

घरात मला माहीत असायचं, हुप्प्या. बक्षिसं माझी, पत्रव्यवहार माझा, पाहुण्यांशी बोलायचं मी. तू दोनदा नापास झालास तेव्हा तुझ्या प्रगतिपुस्तकावर अप्पांच्या ऐवजी मी शेरा लिहिला होता, चांगला झोंबेल असा. तुझ्या हाताला ग्रीस, माझ्या हाताला शाई. शाईचा हात वरचा, असं मला मनापासून वाटायचं. त्या दुकानदारासमोर मला काही कळत नाही हे कबूल करायची मला लाज वाटली. आता मागे वळून बघते, तर लाज वाटायला तेवढं एकच निमित्त माझ्याकडे असतं तर किती बरं झालं असतं.

तू आलास. गाडीभोवती फिरलास आणि म्हणालास, "ताई, मागून उंच दिसते ग." मी म्हणाले, "नवे आहेत, झिजले की बसतील." तू हसलास. "बरं बाई. तू म्हणशील तसं."

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अप्पा ताप उतरल्या उतरल्या हट्टानं शेजारी बसले. चिखलाची वाट संपली, डांबर आलं, आणि तू लिव्हर ओढत राहिलास. ताण सुटावा म्हणून तू गाडी थांबवून मागे घेऊनही पाहिलं होतंस. हे मला नंतर कळलं.

इस्पितळात अप्पांच्या पायाला वजनं लावलेली. तू भिंतीला टेकून उभा होतास, कपाळावर पट्टी. तू म्हणालास, "अप्पा, लिव्हर निघत नव्हता." पुन्हा म्हणालास. तिसऱ्यांदा म्हणताना तुझा आवाज लहानपणीसारखा झाला. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "तू काय म्हणतेस?"

मी म्हणाले, "घाईत विसरला असेल."

त्या क्षणी मला टायरांचं खरंच माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं मी या वाक्याच्या आडोशाला उभी राहिले. पण तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी खडूच्या दोन रेघा दाखवल्या. "बाई, मागचं चाक एका फेरीत सहा बोटं पुढे जातं. मैलभरात किती झालं बघा. तो लिव्हर पोराला काय, मलाही निघाला नसता. अप्पांना सांगू का?" मी म्हणाले, "मी सांगते. जरा बरे होऊ देत." ते दोन टायर मी त्याच दिवशी काढून नेऊन टाकले. महिन्यानं मिस्त्रींनी विचारलं, "सांगितलंत ना?" मी म्हणाले, "हो."

रोज ठरवायचे. आधी अप्पांचं दुखणं आड आलं, मग तुझं घर सोडून जाणं. मग वाटलं, आता सांगून तो थोडाच परत येणार आहे. शाळेत शुक्रवारी काही मुली प्रार्थनाघरातल्या त्या लाकडी खोपट्यात जाऊन आपल्या चुका सांगून यायच्या आणि येताना पायऱ्या उड्या मारत उतरायच्या. आम्ही बाकीच्या बाहेर पेरू खात त्यांची गंमत करायचो. मला वाटायचं, आत अंधार असतो म्हणून सोपं जात असेल. घरात तसा अंधार मला कधी सापडला नाही.

आई तुझ्या बाजूची होती. गेली तोवर, नऊ वर्षं, ती एकच म्हणायची, "पोरगा म्हणतो निघत नव्हता, तर नसेल निघत." आणि मी समोर बसून भाजी निवडत असायचे. ती गेली तेव्हा तू आलास, फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाहीस. मी पाणी घेऊन बाहेर आले. ओट्यापासून फाटकापर्यंत एक वाक्य पाठ करत आले होते. तू पाणी प्यालास, पेला परत दिलास, आणि मी विचारलं, "प्रवास कसा झाला?"

हे वाचून तू काय करावंस, ते मी सांगणार नाही. मला तो हक्क नाही. अप्पांना मी सांगणार आहे. तुला आधी लिहिलं, कारण पोस्टात टाकलेलं पत्र परत घेता येत नाही, आणि मी मला ओळखते.

ताई

४ मार्च

हुप्प्या,

अप्पांना सांगितलं.

पत्र टाकल्यावरही दोन दिवस गेले, तेही सांगते. तिसऱ्या दिवशी सकाळी ते जेवणाच्या टेबलापाशी चष्मा पुसत बसले होते. डॉक्टरांसाठी लिहिलेली ती पाटी मी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "अप्पा, यात मी खोटं लिहिलंय."

"काय? इंजिन नंबर चुकला?"

"शेवटची ओळ."

मग उभ्यानंच सगळं सांगितलं. दुकान, साडेसात-सोळा, मिस्त्रींचा खडू.  त्यांचे कान नीट ऐकत होते. शेवटी म्हणाले, "किती फरक?"

"सहा बोटं."

त्यांनी टेबलावर बोटं मांडली. एका हाताची चार, दुसऱ्याची दोन. बराच वेळ ती तशीच ठेवून बघत राहिले.

"तो किती वेळा म्हणाला होता, लिव्हर निघत नाही म्हणून?"

"तीनदा."

"मला दोनदाच आठवतंय," ते म्हणाले. "म्हणजे तिसऱ्यांदा मी ऐकलंच नाही."

मी रडायला लागले तर म्हणाले, "आता ते नको." रागावून नाही. पातेलं उतू जात असलं की सांगतात ना, तसं. मग काठी घेऊन शेडमध्ये गेले आणि गेंड्याच्या आत जाऊन बसले. त्या पायानं वर कसे चढले कोण जाणे. मी मदतीला गेले तर हातानंच लांब राहायला सांगितलं.

चार दिवस माझ्याशी बोलले ते "मीठ दे" आणि "दार लाव" एवढंच. पाचव्या दिवशी म्हणाले, "दातवाल्याला सांग, गाडी द्यायची नाही."

"पण शेड पाडणार आहेत, अप्पा."

"पाडू देत. गाडी अंगणात राहील. पोरगा बघेल काय करायचं ते. त्याची आहे." मग माझ्याकडे न बघता, "मला वाटायचं, अक्षर चांगलं म्हणजे माणूस नेमका. तुझा कागद बघत राहिलो. पोराचं तोंड समोर होतं, ते बघितलं नाही."

हे ते माझ्यावर चिडून म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

नंतर कागद मागितला. "मी लिहून देते" म्हणायला सवयीनं जीभ उचलली गेली माझी. त्यांनी फक्त पाहिलं. सबंध सकाळ त्यांनी स्वतः लिहिलं. रेघा वरखाली जातात, दोन कागद फाडले. पाकीट स्वतः चिकटवलं. मला फक्त पत्ता घालायला दिला. ते पाकीट या पत्रासोबत आहे. आत काय आहे मला माहीत नाही. मी उजेडात धरूनही पाहिलं नाही. हे सांगण्यात काही मोठेपणा नाही, पण माझ्याबद्दल आता एवढं तरी तुला सांगावंसं वाटलं.

टायर मोजून परत आले, पाचही अंगणात आहेत. मिस्त्रींच्या मुलीला जाऊन सांगितलं, तुझ्या गोष्टीतली बाई मी. तिनं हातातला पाना भिंतीवर त्याच्या जागी लावला. मग म्हणाली, "बसा, मावशी," आणि स्टूल पुसून दिलं. मी बसू शकले नाही.

ताई

१५ मार्च

हुप्प्या,

काल तू फोन केलास तेव्हा मीच उचलला. माझा आवाज ऐकून तू थांबलास. मग म्हणालास, "अप्पा आहेत का?" मी म्हणाले, "आहेत, देते." सतरा वर्षांनी आपण एवढं बोललो.

मी अंगणात जाऊन बसले. ऐकायचं नव्हतं, पण अप्पा फोनवर ओरडतात हे तुला आठवत असेल. "मोठ्यानं बोल! काय? अरे, मोठ्यानं!" मग त्यांचा आवाज एकदम खाली आला, आणि त्यानंतर कितीतरी वेळ मला काहीच ऐकू आलं नाही. आत डोकावले तर फोन कानाला घट्ट धरून ते नुसती मान हलवत होते. समोरच्याला मान दिसत नाही, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

ठेवल्यावर त्यांनी मला बोलावलं. "शनिवारी येतोय. टायर तोच बसवणार. तोवर कुणी हात लावायचा नाही. शेडवाल्याला म्हणावं, गाडी निघाल्याशिवाय शेडला हात लावू नको."

मी विचारलं, "आणखी काही म्हणाला?"

"मी विचारलं त्याला, तुला कधी शंका आली नव्हती का, म्हणून. आली होती म्हणाला."

"मग?"

"मग बोलला का नाहीस, तेही विचारलं. तर म्हणतो, ताईनं आणले होते ना."

एवढं सांगून ते दाढी करायला गेले. दुपारचे चार वाजले होते.

मी तिथेच उभी होते. तू मला वाचवायला गप्प बसला होतास, असंही नाही ना. तुला ती शंका घ्यायचीच नव्हती. माझ्यावर घ्यायची नव्हती. मी तुझ्याबद्दल "विसरला असेल" म्हणाले, त्याच इस्पितळात, त्याच दिवशी. मी हे लिहिते आहे आणि मला मान वर करून खिडकीबाहेरसुद्धा बघवत नाही.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. जॅक आणि खडू मिस्त्रींची मुलगी शुक्रवारीच आणून देणार आहे. अप्पांनी तीन वेळा विचारलं, तुला चहाला साखर किती लागते. मला सांगता आलं नाही. तू घरी होतास तेव्हा दोन चमचे लागायची.

माफ कर, असं मी या सगळ्या पत्रांत कुठे लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नव्हे. माफी मागितली की तुला उत्तर द्यावं लागतं, आणि तुझ्याकडून माझं पुरेसं घेऊन झालं आहे.

एकच विचारते. शनिवारी मी घरी असावं की नसावं? मावशीच्या मुलीकडे दोन दिवस जायची माझी तयारी आहे. तिला तसं विचारूनही ठेवलंय. फाटकातून आत येताना तुला समोर मी दिसायला नको असेन, तर अप्पांना भेट, गेंड्याला चाकं लाव, त्यांना शेजारी बसवून एक चक्कर मारून आण. मला नंतर कुणी त्याबद्दल सांगितलं तरी पुरेल.

पत्र लिहीत बसू नकोस. फोन कर आणि अप्पांना सांग, राहू दे किंवा जाऊ दे. ते मला जसंच्या तसं सांगतात.

ताई